मागे धबधबा आहे

देवानं माणसाला दोन कान कशासाठी दिले, याचं निरूपण थोरामोठ्यांनी अनेक प्रकारे केलं आहे. हलूनका काकांचं मत मात्र ठाम होतं. कान फोटोत दिसण्यासाठी दिले आहेत, आणि दोन अशासाठी, की त्यातला एक जरी केसांखाली गेला तरी अर्ज परत येतो.

हे मत अनुभवाचं होतं. एकतीस वर्षं काका आपल्या एका खोलीच्या स्टुडिओत ओळखपत्राचे फोटो काढत होते. फिरकीचं स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. गिऱ्हाईक बसलं की काका त्याच्या कॉलरचं टोक सरळ करायचे, कानावरचे केस मागे सारायचे, दोन पावलं मागे जायचे आणि म्हणायचे, "हनुवटी किंचित खाली... हं... हलू नका." सगळ्या रस्त्यानं त्यांचं नावच हलूनका ठेवलं त्याला इतकी वर्षं झाली होती, की दुकानावरची पाटी वाचून जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "हे कोण हो? तुमचे पार्टनर का?"

नेमकं हेच काकांच्या मनाला लागायचं. ओळखपत्राच्या फोटोखाली नाव असतं, पण ते ज्याचा फोटो त्याचं. काढणाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाही. गावातल्या प्रत्येक खिशात काकांनी काढलेला एक तरी फोटो होता आणि एकाही फोटोवर काका नव्हते. आयुष्यात एक तरी फोटो असा काढायचा, ज्यात कुणाचे कान नसतील आणि कोपऱ्यात आपलं नाव असेल, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसं याहून मोठं काय काय मागतात, आणि देव तेही देतो म्हणे.

स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर एक रंगवलेला पडदा होता. दुकानं रंगवणाऱ्या एका पेंटरनं तो सुरुवातीच्या काळात करून दिला होता. त्यावर धबधबा होता. पेंटरनं जन्मात धबधबा पाहिला नव्हता, त्यामुळे पाणी वरून पडतंय की खालून चढतंय याचा निकाल लागत नसे. काठावर एक हरीण होतं आणि हरणापेक्षा मोठा एक हंस. पूर्वी नवी जोडपी त्या पडद्यापुढे उभी राहायची. पुढे सगळ्या अर्जांना पांढरी पार्श्वभूमी लागायला लागली, तेव्हा काकूंनी त्यावर घरातली पांढरी चादर चिमट्यांनी अडकवली. चादर थोडी तोकडी होती, म्हणून खालून हंसाचे पाय आणि पाण्याचा थोडा फेस दिसे.

ते पाय वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दिसले, आणि कथा सुरू झाली.

डॉक्टर फोटो काढायला बसले होते. मान वळवून म्हणाले, "काका, मागे धबधबा आहे की काय?"

"हलू नका. आहे. पेंटरनं केलेला."

"म्हणजे खोटा."

"जुना आहे," काका म्हणाले.

"मला वरच्या नव्या वेटिंग रूममध्ये असंच काहीतरी लावायचंय. दहा फूट बाय सहा. डोळ्यांत थेंब टाकून माणसं तास तास बसून राहतात हो, समोर नुसती भिंत. शांत पाणी बघतील बिचारी. बघतो, नेटवरून घेतो एखादं."

"नेटवरून कशाला?" काकांच्या तोंडून निघून गेलं. "मी काढून देतो. खरा."

"तुम्ही?" डॉक्टर भला माणूस. लगेच सावरले. "नाही, म्हणजे तुम्ही छानच काढता. पण तुमचं ते आपलं पासपोर्टचं..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. पुरं केलं असतं तर एक वेळ विसरता आलं असतं. अर्धवट सोडलेलं वाक्य माणसाच्या पोटात जाऊन वाढत बसतं.

"खाली नाव टाकाल ना?" काकांनी विचारलं.

"कुणाचं?"

"काढणाऱ्याचं."

"टाकू की! पण एक तारखेला सकाळी उद्घाटन आहे बरं का."

काउंटरवर फोटो कापत बसलेल्या काकूंनी कात्री खाली ठेवली. डॉक्टर गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही उघड्यावर शेवटचा फोटो कधी काढलात?"

"आपण लग्नानंतर तळ्यावर गेलो होतो तेव्हा."

"त्यात मला डोकं नव्हतं."

"साडी स्पष्ट आली होती," काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोचली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर दोघे विचारायला येतात, पण माणूस काहीतरी करायला निघाला की सगळे सांगायला येतात. घड्याळवाले म्हणाले, जळवांसाठी मीठ न्या. समोरच्या मावशी म्हणाल्या, मीठ मुळीच नको, साबण चोळा. शेजारचे टेलरमास्तर थेट टेप घेऊनच आले.

"काका, जंगलात फोटोग्राफरला जाकीट लागतं. चौदा खिशांचं. मी एका मासिकात बघितलंय."

"चौदा?"

"बॅटरी एका खिशात, शिट्टी एकात, औषध एकात. हात घातला की वस्तू मिळाली पाहिजे."

जाकीट सुरेख झालं. पैकी तीन खिसे पाठीवर होते. तिथे हात कसा पोचायचा, हे मासिकात दिलेलं नव्हतं.

मार्गदर्शक म्हणून काकूंचा भाऊ आपण होऊन तयार झाला. हा विम्याच्या कचेरीत होता आणि मृत्यूबद्दल फार आनंदानं बोलायचा. "भावोजी, निर्धास्त राहा. तो डोंगर म्हणजे माझ्या तळहातावरच्या रेषा. वर एक धबधबा आहे, कुण्णाला ठाऊक नाही. पाखरू बोलत नाही तिथे. ऑफिसच्या सहलीत गेलो होतो मी."

"धबधब्यापर्यंत?" काकूंनी विचारलं.

"ताई, तू आधीच फाटे फोडू नकोस."

आता त्या रानात जायला वनखात्याची परवानगी लागत होती. काका कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनानं अर्ज उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "अर्जदाराचे दोन फोटो कुठायत?"

सबंध गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो नव्हता.

त्या दुपारी काका स्वतः स्टुलावर बसले आणि काकू कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. काकू म्हणाल्या, "हलू नका." काका म्हणाले, "डावी छत्री जरा अलीकडे घे." फोटोत तोंड उघडं आलं. काकू म्हणाल्या, "अहो, गप्प बसा." काका म्हणाले, "मी गप्पच आहे." परत तोंड उघडं. सातव्या खेपेला तोंड मिटलं, तो फोटो घेऊन काका कचेरीत गेले.

"डावा कान नाही," कारकून म्हणाला.

"असं कसं? हा काय!" काकांनी खिडकीत डोकं घालून खरा कान दाखवला.

"तो अर्जाला जोडता येतो का?" कारकुनानं शांतपणे विचारलं. मग दया येऊन म्हणाला, "काका, असं घरच्या घरी काढू नये. एखाद्या चांगल्या स्टुडिओत जा."

काका कचेरीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. मग बस पकडून गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं त्यांना स्टुलावर बसवलं, कॉलर नीट केली आणि दोन बोटांनी कानावरचे केस हलकेच मागे सारले. एकतीस वर्षांत काकांनी हजारो माणसांना असा हात लावला होता. त्यांना असा हात कुणी लावला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत उगाच पाणी आलं, आणि तो माणूस म्हणाला, "डोळे कोरडे करा, परत काढावा लागेल."

तिसऱ्या फेरीत कारकुनानं फोटो घेतले आणि विचारलं, "आणि जागेचा फोटो?"

"कुठल्या जागेचा?"

"ज्या जागेचा फोटो काढायचाय त्या जागेचा. परवानगी कशाची द्यायची ते साहेबांना कळायला नको?"

"पण तिथे जायला परवानगी नाही म्हणूनच..."

"म्हणूनच फोटो लागतो," कारकून म्हणाला.

या वाक्यावर कुणाही ज्ञानी माणसानं आठवडाभर प्रवचन करावं. काका ज्ञानी नव्हते, अडलेले होते. घरी येऊन त्यांनी चादर बाजूला केली, पेंटरच्या पडद्याचा फोटो काढला आणि तोच जोडून दिला. आयुष्यातली त्यांची ही पहिली लबाडी. कारकुनानं फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच हसला. "हं. हाच तो." परवानगी हातात पडली तेव्हा महिन्याचा फक्त शेवटचा दिवस उरला होता. कागदावर खाली अट घातलेली होती: हंस व हरीण यांस कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या बसनं काका, काकू आणि मेहुणा, तिघं निघाली. फ्लेक्स छापणाऱ्याला काकांनी आधीच दुकान उघडं ठेवायला सांगितलं होतं आणि एका कागदावर आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ठळक अक्षरात लिहून दिलं होतं. कोपऱ्यात छापायला.

नाक्यावर वनरक्षकानं जाकिटाचे चौदाही खिसे तपासले. पाठीवरचे तपासताना काकांना गोल फिरावं लागलं. "आत मोठ्यानं बोलायचं नाही," तो म्हणाला, "चारच्या आत परत यायचं. आणि हंस कुठे दिसला ते जाताना सांगा. मी बारा वर्षं इथे आहे, मला नाही दिसला."

पहिला तास वाट होती. दुसऱ्या तासाला मेहुणा म्हणाला, "इथून जवळ पडतं," आणि वाट गेली. काट्यांनी जाकिटाचा एकेक खिसा धरून ठेवायला सुरुवात केली. मिठाची पुडी पाठीवरच्या खिशात होती. ती दमट हवेनं विरघळून काकांच्या कमरेखाली ओघळली, तेव्हा जळवा त्यांच्या घोट्यांवर निर्धास्त बसल्या होत्या. काकूंचा गुडघा धरला म्हणून काकांनी त्यांना काठी म्हणून ट्रायपॉड दिला. एका उतारावर काकू वाचल्या, ट्रायपॉडचा एक पाय वाकला.

"तू खरंच आला होतास ना रे इथे?" काकूंनी भावाला विचारलं.

"आलो होतो."

"कुठपर्यंत?"

"ताई, मला बस लागते, तुला माहितीय."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे वर गेले तेव्हा मी बसमध्ये आडवा होतो. पण वर्णन मी नीट ऐकलंय."

निराशेची एक पायरी अशी असते, की तिथे राग येत नाही, नुसतं बूट बघत चालता येतं. काका तसे चालत राहिले. आणि ज्यांना वाट ठाऊक नाही त्यांनाही कधी कधी तो वरचा घेऊन जातो, तसं झालं. झाडी एकदम संपली आणि समोर धबधबा होता.

मोठा नव्हता. काळ्या कातळावरून पाण्याची एकच पांढरी बट, विंचरून सोडल्यासारखी, खालच्या डोहात उतरत होती. आवाजही बेताचा, कुणी शेजारच्या खोलीत पुटपुटत जप करावा तेवढा. हे पाणी कुणी बघावं म्हणून पडत नव्हतं. कुणी आलं काय, नाही आलं काय, त्याचं त्याचं चाललेलं होतं. काकू कातळावर टेकल्या आणि त्यांनी हात जोडले.

"काढा ना," काकू हळूच म्हणाल्या. "अगदी छान दिसतंय."

मंडळी, त्या क्षणी काकांनी बटण दाबलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती आणि एका गृहस्थाचं भलं झालं असतं. पण कोणतंही गिऱ्हाईक समोर आल्या आल्या काकांनी कधी बटण दाबलं नव्हतं. त्यांनी तीन पायांपैकी अडीच पायांवर ट्रायपॉड उभा केला, डोळा लावला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डावा कान झाकतोय," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"ती फांदी बघ. डावीकडून पुढे आलीय. तेवढी मागे घ्यायला हवी."

"अहो, धबधब्याला कुठे कान असतात!"

"मला शिकवू नकोस. कडा दिसल्या पाहिजेत."

मेहुणा डोहाच्या काठानं घसरत गेला, फांदीला लोंबकळला. फांदी मागे जाई आणि त्याच्यासकट परत येई. मग काकूंच्या पिशवीची दोरी सोडून फांदी बांधायचं ठरलं. दोरी आखूड पडली. टेलरमास्तरांच्या जाकिटाचा एक पट्टा उसवून जोडला. कातळावर पडलेली दोन सुकी पानं काकांना खटकली, तीही मेहुण्यानं उचलली. या सगळ्याला पाऊण तास लागला. धबधबा छान नीटनेटका झाला. काका दोन पावलं मागे आले, मान तिरकी केली, समाधानानं म्हणाले, "हं... हलू नका."

आणि वरून धुकं उतरलं.

आधी कातळाचा माथा गेला, मग पाणी, मग फांदी, मग मेहुणा. पाच मिनिटांत जगात फक्त काका, काकू आणि कॅमेरा उरले. ते वाट बघत बसले. एक वाजला, दीड वाजला. मधूनमधून धुक्यातून मेहुण्याचा आवाज येई, "भावोजी, फांदी सोडू का?"

"धरून ठेव!"

दोन वाजता, आता निघालंच पाहिजे अशा वेळी, धुक्याचा पदर किंचित विरला. त्यामागे धबधबा उभा राहिला, पुसट, सासुरवाशीण दाराआडून बघते तसा. "दिसतोय! दिसतोय!" मेहुणा ओरडला. काकांनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. फ्लॅश लखकन उडाला.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. काकांच्या कॅमेऱ्याची गोल चकती अकरा वर्षं चिकटपट्टीनं एकाच जागी डकवलेली होती. स्टुलापासून सहा फूट, दोन दिवे, फ्लॅश चालू. काढलेला फोटो दिसतो तो कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन सहा वर्षांपूर्वीच बंद पडला होता. काकांना कधी गरजच वाटली नाही. फोटो नंतर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडायचा, आणि काय आलं असणार ते त्यांना पाठ असायचं.

नाक्यावर वनरक्षकानं वही उघडली. "हंस?"

काका इतके दमले होते, की खरं बोलायची ताकद उरली नव्हती. "धुक्यात होता," ते म्हणाले. त्यानं तसं लिहून घेतलं. हंस, धुक्यात.

बसमध्ये मात्र काका खुशीत होते. पायांवर जळवांचे डाग, कमरेखाली मीठ, तरी काकूंना म्हणाले, "फोटो आलाय बघ. मला आतून कळतं." गावात शिरताना मेहुणा फ्लेक्सवाल्याच्या दारात उतरला. "भावोजी, तुम्ही पाय शेका. कार्डातला शेवटचा फोटो ना? मी छापूनच घेतो." त्या दिवसात त्याच्याकडून झालेलं हे एकमेव वेळेवरचं काम.

सकाळी वेटिंग रूममध्ये फुगे लावलेले होते. फ्लेक्सवाला गुंडाळी घेऊन आला, पण त्याचा चेहरा बरा नव्हता. "काका, मला आधी वाटलं मशीनच बिघडलं. शाई दोनदा तपासली."

गुंडाळी उलगडली. दहा फूट बाय सहा फूट. सगळा पांढरा. फ्लॅशनं पुढचं धुकं तेवढं उजळून टाकलं होतं. कुठे रेघ नाही, सावली नाही, डाग नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात, ठळक, काळ्या अक्षरांत काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसला. मागे जाऊन पाहिलं, एक डोळा झाकून पाहिलं. "काका," ते अतिशय हळुवारपणे म्हणाले, "हे मला दिसत नाहीये, का ते नाहीच आहे?"

"आहे," काका म्हणाले. "त्याच्यामागे आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टेलरमास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाकिटाचा उसवलेला पट्टा पाहून मुकाट्यानं काढून घेतला. दुपारी डॉक्टरांनी नेटवरचा धबधबा मागवला. तो निळा, हिरवा, सुंदर आहे. कुठला आहे ते कुणाला ठाऊक नाही, आणि खाली कुणाचंच नाव नाही.

काका तीन दिवस स्टुडिओत गेले नाहीत. चौथ्या दिवशी गेले, तर काकूंनी चादर काढून तिथे तो फ्लेक्स ताणून लावलेला. "सुरकुती पडत नाही," त्या म्हणाल्या, "धुवायला नको. आणि हंसाचे पायही झाकतात."

काका स्टुलावर बसून त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि दिवे लावले. करणार काय?

फोटो इतके चांगले यायला लागले, की वनखात्याचा तो कारकूनही नव्या ओळखपत्रासाठी आला आणि म्हणाला, "हे बघा, चांगला स्टुडिओ म्हणजे असा. पार्श्वभूमी अगदी नियमात!" काकूंची कात्री प्रत्येक फोटो कडेनं कापते. कोपऱ्यातलं नाव एकाही फोटोत येत नाही. काका तरी प्रत्येकाला न चुकता सांगतात, "मागे धबधबा आहे." लोक वळून बघतात, काही नसतं, मग काकांकडे बघतात आणि काळजीनं गप्प बसतात. काकूंनी दोनदा सांगून पाहिलं, "अहो, सांगू नका हो." काका ऐकत नाहीत.

परवा वरच्या दवाखान्यातून एक आजी जिना उतरून आल्या. डोळ्यांत थेंब घातलेले, हात धरायला कुणी नाही. कसल्याशा अर्जाला फोटो हवा होता. काकांनी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं, पदर नीट केला, कानावरची पांढरी बट मागे सारली आणि सवयीनं म्हणाले, "आजी, मागे धबधबा आहे बरं का."

आजी सावकाश वळल्या. डोळे मिचकावत बराच वेळ बघत राहिल्या.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "केवढं शांत पाणी पडतंय हो. कुणी काढला?"

काउंटरवर कात्रीचा आवाज थांबला.

काकांनी आपलं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनावही सांगितलं. मग दोन पावलं मागे जाऊन डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बटण दाबलं.

फोटो हललेला आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"आजी, परत काढावा लागेल," काका म्हणाले.

"का रे बाबा? मी तर जराही हलले नाही."

"नाही," काका चष्मा पुसत म्हणाले. "तुम्ही नाही हललात."